जुळ्या शब्दांची गफलत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. बी.कॉम. झालंय, दुपारपर्यंत युनिफॉर्मच्या दुकानात बिलिंगला बसतो आणि केंद्राच्या नोकऱ्यांसाठीची एसएससी आणि तलाठी अशी दोन्हींची तयारी करतो. वर्षभरात 1500 इंग्रजी शब्द, प्रत्येकाचे तीन-चार समानार्थी आणि दोन विरुद्धार्थी वहीत उतरवले, तीनदा पाठ केले. पेपरला बसलो की दोन पर्यायांत अडकतो आणि नेमका उलटा टिक करून येतो. बोलताना तर एकही शब्द तोंडात येत नाही. माझी पद्धत चुकतेय की डोकंच कमी पडतंय? आणि अर्थ मराठीत लिहू की तेलुगूत?"

डोकं शाबूत आहे. 1500 शब्द तीनदा पाठ करणाऱ्याच्या डोक्याला नाव ठेवायचं कारण नाही. चुकली ती पद्धत, आणि तीही तू शोधून काढलेली नाहीस. आम्ही शिकवणाऱ्यांनीच ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिली. मी स्वतः पहिली सात-आठ वर्षं तशीच शिकवत होते. डावीकडे शब्द, मध्ये समानार्थी, उजवीकडे विरुद्धार्थी, रोज 20 ओळी, उद्या पाठ करून या. मुलं यायचीही पाठ करून. मग एकदा पंधरा दिवसांनी न सांगता चाचणी घेतली. फळ्यावर लिहिलं फ्रूगल आणि एक्स्ट्रॅव्हॅगंट. ही जोडी आहे हे जवळजवळ सगळ्यांना ठाऊक. एक काटकसरी, दुसरा उधळा, हेही ठाऊक. पण काटकसरी कोणता आणि उधळा कोणता, यावर वर्गाचे सरळ दोन तट पडले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे दोघं नवरा-बायको आहेत एवढं नक्की. नवरा कोण ते आठवंना."

वर्गात हशा झाला, पण तिने रोगाचं नाव अचूक सांगितलं होतं. लग्नघरात नव्या सुनेला एका दमात दोन जावांची ओळख करून दिली, ही सुनीता आणि ही अनिता, की पुढचे सहा महिने ती सुनीताला अनिता म्हणत राहते. एक लग्नात भेटली आणि दुसरी थेट दिवाळीला, तर असं होत नाही. शब्दांचंही तेच. टॉमस टिंकम या संशोधकांनी 1993 मध्ये हे तपासून पाहिलं आणि रॉब वॉरिंग यांनी 1997 मध्ये जपानी विद्यार्थ्यांबरोबर ते पुन्हा तपासलं. अर्थाने एकमेकांना चिकटलेले नवे शब्द एकत्र दिले, तर ते पाठ व्हायला एकमेकांशी काही संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त फेऱ्या लागतात. आम्हाला वाटत होतं, जोडी लावून दिली की लक्षात राहील. लक्षात राहिली ती जोडीच.

म्हणून पहिली गोष्ट ही, आणि बाकी सगळं हिच्यामागून येतं: दोन अनोळखी शब्द एका दिवशी जोडीने शिकायचे नाहीत. एक शब्द घे, त्याला त्याच्या वाक्यात मुरू दे. झोपेतून उठवून विचारलं तरी अर्थ सांगशील असा तो झाला, म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी, की त्याचा विरुद्धार्थी आण. समानार्थी त्याच्याही नंतर. तुझ्या वहीत हा क्रम नेमका उलटा आहे. कुठला आधी घ्यायचा हा प्रश्न येईल. जो तुझ्या रोजच्या बोलण्यात लवकर बसेल तो. एक्स्ट्रॅव्हॅगंट आधी घे, कारण लग्नाच्या खर्चावर घरोघरी बोललं जातं. फ्रूगल नंतर आपोआप समोर उभा राहील.

आता 'समानार्थी' या शब्दाकडे वळू, कारण खरी फसवणूक तिथे आहे. एका मुलीला सरावाच्या मुलाखतीत घराबद्दल विचारलं होतं. तिच्या वहीत स्मॉलसमोर होतं: लिटल, टायनी, मायन्यूट, पेटी. स्मॉल फारच साधा वाटला म्हणून ती ठसक्यात म्हणाली, "आय लिव्ह इन अ पेटी हाऊस." पुढची पाच मिनिटं वर्ग आवरला नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पत्र्याची पेटी आणि तिच्यात मांडी घालून बसलेली ही. पण चूक कुठे झाली ते बघ. पेटी म्हणजे लहान हे खरं, पण क्षुद्र, किरकोळ या अंगाने लहान. पेटी क्वॉरल म्हणजे क्षुल्लक भांडण. पेटी कॅश म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, ती तुझ्या दुकानाच्या गल्ल्यातही असेल. घर पेटी नसतं. मायन्यूटही नसतं, मायन्यूट धुळीचा कण असतो. यादीत हे चारही एका रांगेत उभे होते म्हणून तिला ते सख्खे भाऊ वाटले.

हे कौशल्य आपल्यात नाही असं मात्र नाही. मित्राला आपण "बस बे" म्हणतो, दारात आलेल्या मामांना "बसा मामा" आणि सभेत माइकवरून "सर्वांनी आसनस्थ व्हावे". अर्थ तोच. पण मामांना "बस बे" म्हणून बघ एकदा! इंग्रजीत हेच सिट डाउन, हॅव अ सीट आणि प्लीज बी सीटेड. मराठीत हा फरक तुला कोणी शिकवला नाही, कारण प्रत्येक शब्द तू कुणाच्या तरी तोंडून, कुठल्या तरी प्रसंगात ऐकला. इंग्रजीचे शब्द मात्र तुला रांगेत उभे करून दाखवले गेले, प्रसंग काढून घेऊन.

इंग्रजीत असे थर पडले त्याला इतिहास आहे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली, शेतात आणि चुलीपाशी जुनी इंग्रजी राहिली, विद्वानांची लॅटिन होतीच. म्हणून एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द झाले. बाय घरातला, पर्चेस पावतीवरचा. हेल्प हाक मारताना, असिस्ट अर्जात. आस्क कोणीही कोणालाही करतो, इंटरॉगेट मात्र पोलीस करतात. मराठीचं वेगळं काय आहे? 'आला' आपला रोजचा, 'हजर' फारसीतून कचेरीत आलेला, 'उपस्थित' संस्कृतातून निमंत्रणपत्रिकेत बसलेला. आरोपीला कोर्टात हजर करतात, उपस्थित करत नाहीत, आणि लग्नाला हजर राहावे असं छापलं तर पाहुण्यांना समन्स आल्यासारखं वाटेल. पाठ करताना ढोबळ मानाने एवढं धर: आखूड, रोजच्या वापरातला शब्द बहुधा जुन्या इंग्रजीचा आणि बोलण्याचा, लांबलचक शब्द बहुधा फ्रेंच-लॅटिनचा आणि कागदावरचा. अपवाद भरपूर आहेत, पण पर्याय निवडताना ही खूण उपयोगी पडते.

काही समानार्थी शब्दांत फरक थराचा नसतो, बाजूचा असतो. आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून तू शेकडो वेळा गेला असशील. 1930 च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. सरकारच्या भाषेत हे एक्झिक्यूशन, आपल्या भाषेत मार्टर्डम. किल्ड म्हटलं तर कोणी, का, काहीच कळत नाही. मर्डर म्हटलं की सरळ आरोप झाला. घटना एकच, आणि शब्द निवडल्याबरोबर बोलणारा कोणाच्या बाजूला उभा आहे ते उघड होतं. रोजच्या बोलण्यातही हे चालतं. स्लिम, थिन, स्किनी हे आपले सडपातळ, बारीक, हडकुळी. मुलगी दाखवायच्या वेळी यातला कुठला शब्द वापरायचा हे मध्यस्थ बाईंना बरोबर कळतं. फ्रूगल आणि स्टिंजी यांत तेवढंच अंतर आहे जेवढं काटकसरी आणि चिक्कूत. म्हणून समानार्थी लिहिताना त्याच्या डोक्यावर एक छोटी खूण कर: कौतुकाला अधिक, नावं ठेवायला वजा, नुसतं सांगायला काही नाही. मुलं या खुणा करायला लागली की शब्दाशी भांडायला लागतात, "मॅडम, हा अधिक कसा?" आणि भांडलेला शब्द सहसा विसरत नाही.

विरुद्धार्थी शब्दांत वेगळीच गंमत आहे. 'कडक'चा विरुद्धार्थी सांग. तू म्हणशील मऊ. आपली कडक भाकरी असेल तर बरोबर. पण कडक चहाचा उलटा पाणचट चहा, कडक उन्हाचं उलट कोवळं ऊन आणि कडक सरांचे उलटे मवाळ सर. कोवळा चहा नाही आणि पाणचट सर असं निदान त्यांच्यासमोर म्हणत नाहीत. म्हणजे विरुद्धार्थी शब्द एकट्या 'कडक'ला नाही, 'कडक भाकरी' या जोडीला असतो. इंग्रजीत तर कडकसाठी शब्दच निरनिराळे: भाकरी क्रिस्प, चहा स्ट्राँग, सर स्ट्रिक्ट, ऊन हार्श किंवा स्कॉर्चिंग. चहा पॉवरफुल नसतो, स्ट्राँगच असतो. पाऊस मात्र स्ट्राँग नसतो, हेवी असतो. का, याला उत्तर नाही. त्यांची घरं तशी वसली आहेत. जे. आर. फर्थ नावाच्या इंग्रज भाषातज्ज्ञाने 1957 मध्ये म्हटलं होतं की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. आपल्या आज्या हे माणसांबद्दल सांगत आल्याच आहेत.

म्हणून वहीत 'लाइट × हेवी' असं लिहू नकोस. 'लाइट बॅग × हेवी बॅग' आणि खाली 'लाइट कलर × डार्क कलर' असं लिही. ओल्ड माणसाचा उलटा यंग, ओल्ड चादरीची उलटी न्यू. शॉर्ट मुलाचा उलटा टॉल, शॉर्ट रस्त्याचा लाँग. हार्ड दगडाचा सॉफ्ट, हार्ड पेपरचा ईझी.

यातला माझा आवडता शब्द फाइन. वर्गात विचारलं की सगळे म्हणतात, फाइनचा उलटा बॅड. तुझ्या गल्लीत कोणी ना कोणी लूमवर असेलच, त्यांना विचार. सुताच्या बाजारात फाइनचा उलटा कोर्स, म्हणजे जाडं, भरड सूत. 40 काउंटचं सूत 20 काउंटपेक्षा बारीक असतं. आकडा वाढतो आणि धागा बारीक होतो, कारण त्या मोजणीत एक पौंड सुतात 840 यार्डांच्या किती लडी बसतात ते मोजतात. लडी जास्त बसल्या म्हणजे धागा तलम. हा कोर्स शब्द एकदा सुताला चिकटून डोक्यात बसला की पुढे 'कोर्स लँग्वेज' वाचल्यावर कोशाची गरज पडत नाही, भरड भाषा, म्हणजे असभ्य बोलणं. (स्पेलिंग मात्र जपून. आपण ज्या कोर्सला फी भरतो तो वेगळा, उच्चार तेवढा सारखा.) यंत्रमागाच्या शेडमध्ये लूज, टाइट, प्लेन, वेस्ट, बॉर्डर हे शब्द अशिक्षित माणसंही बिनचूक वापरतात. कोणी पाठ केले होते का? हातात सूत असताना कानावर पडले.

विरुद्धार्थी शब्दांच्या जाती दोन-तीन आहेत, तेवढ्या ओळखल्या की पुरे. डेड आणि अलाइव्हच्या मध्ये काही नसतं. हॉट आणि कोल्डच्या मध्ये मात्र अख्खं गाव वसलेलं असतं. मे महिन्यात पारा 40 च्या वर गेल्यावर आपण हॉट म्हणत नाही, स्कॉर्चिंग म्हणायला हवं. मध्ये वॉर्म, ल्यूकवॉर्म, कूल, आणि पार तिकडे फ्रीझिंग. आपलं कढत, गरम, ऊबदार, कोमट, थंड, गार. अशा शब्दांची यादी करू नकोस, आडवी रेघ मारून त्यावर क्रमाने बसव. परीक्षेत हॉटचा समानार्थी विचारून पर्यायांत वॉर्म आणि स्कॉर्चिंग दोन्ही दिले की रेघच कामाला येते.

तिसरी जात आपल्याला फार छळते: बॉरो आणि लेंड. मराठीत क्रियापदाआधी 'उसने' एकच, पुढे घेणे किंवा देणे. इंग्रजीने त्याला दोन वेगळी क्रियापदं दिली. इथे अर्थ घोकू नकोस, शेपूट घोक. बॉरो फ्रॉम, लेंड टू. फ्रॉम म्हणजे पैसे तिकडून येतायत, टू म्हणजे जातायत. शेपूट धरलं की जनावर ओळखता येतं.

अन्, इन्, इम्, इल्, इर्, डिस् लावून होणारे विरुद्धार्थी सोपे, त्यावर वेळ घालवू नकोस. पुढचा आवाज पाहून इन्चा इम्, इल्, इर् होतो: पॉसिबलला इम्, लीगलला इल्, रेग्युलरला इर्. फक्त दोन-चार दगाबाज लक्षात ठेव. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं नव्हे, पेट घेणारंच. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल एकच. टँकरच्या मागे पाहिलं असशील. इन्व्हॅल्युएबल म्हणजे बिनकिमतीचं नव्हे, अमूल्य. आपल्या 'अमूल्य'मधला 'अ' जसा वागतो तसाच तिथला 'इन्' वागतो. आणि इन्फेमस हा फेमसच असतो, पण बदनाम होऊन.

आता वाक्यं. तुझ्या प्रश्नात उदाहरणवाक्यांचा उल्लेखच नाही, आणि बोलताना शब्द तोंडात येत नाहीत त्याचं कारण तेच आहे. पण वाक्य म्हणजे 'ही इज रिलक्टंट' नव्हे. असली वाक्यं लिहिणं म्हणजे चटणीशिवाय भाकरी, पोट भरल्यासारखं वाटतं आणि चव कशाचीच लागत नाही. चांगलं वाक्य ओळखायची माझी एक कसोटी आहे. नवा शब्द झाकून तिथे रिकामी जागा ठेव आणि वाक्य शेजाऱ्याला दे. 'ही वॉज अमुक' या वाक्यात शेजारी टॉल घालेल, टायर्ड घालेल, हंग्री घालेल. म्हणजे वाक्य फुकट. आता हे बघ: 'द वीव्हर वॉज रिलक्टंट टू सेल द लूम हिज फादर हॅड लेफ्ट हिम.' वडिलांनी मागे ठेवलेला माग विकायला त्याचं मन होत नव्हतं. शब्द झाकला तरी शेजारी अनविलिंगपर्यंत येऊन पोचतो. वाक्यानेच शब्दाचा अर्थ पिळून काढला. आणि न शिकवता तू हेही शिकलास की रिलक्टंटच्या पुढे टू आणि क्रियापद येतं.

ही कसोटी मी पहिल्यांदा लावली तेव्हा एका मुलाने लिहून आणलं की आमची आजी हॉटेलात जेवायला रिलक्टंट असते, कारण तिथली शेंगा चटणी गोड लागते. व्याकरण ढासळलेलं होतं, वाक्य मात्र नंबर एक. त्या मुलाला तो शब्द आजही आठवत असेल, अशी माझी पैज आहे. वाक्यात आपलं माणूस, आपली गल्ली, आपली खरी तक्रार आली पाहिजे. नाहीतर खरी घटना तरी. व्हॉलंटरी शिकवताना मी डॉ. कोटणीसांचं वाक्य देते: ते सोलापुरात जन्मले, 1938 मध्ये व्हॉलंटरिली चीनला गेले, कोणी सक्ती केली म्हणून नव्हे. मग महिन्याभराने कम्पल्सरी आला की मुलं स्वतःच दोन्ही शेजारी ठेवतात.

पण आधी स्वतःचं वाक्य लिहायचं नाही, हे नीट ऐक. आधी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशातलं वाक्य जसंच्या तसं उतरव, मग त्याच्या साच्यात आपलं माणूस बसव. असे कोश मुद्दाम आपल्यासारख्यांसाठी तयार झालेत. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, त्यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला. पुढे लाँगमन प्रकाशनाने 1978 मध्ये अर्थ सांगायला फक्त 2000 च्या आसपास सोपे शब्दच वापरायचे असं ठरवून कोश काढला. इंग्रज मुलांसाठीचा जाडजूड कोश घेऊ नकोस, एका शब्दाचा अर्थ बघायला गेलास तर तीन नवे शब्द अंगावर येतील. आणि समानार्थी शब्दांचा कोश, ज्याला थिसॉरस म्हणतात, तो तर सध्या हातातच घेऊ नकोस. रॉजे यांनी तो 1852 मध्ये काढला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर लेखक होते, ज्यांना शब्द माहीत असतो पण ऐन वेळी सुचत नाही. तुझी अडचण ती नाही.

पान कसं असावं? एका शब्दाला अर्धं पान. वर शब्द, इंग्रजी लिपीतच. (इथे मी सगळं देवनागरीत लिहितेय, वहीत तसं करू नकोस, स्पेलिंग हातातून जाईल.) खाली कोशातलं वाक्य. त्याखाली तुझं वाक्य. बाजूला त्याचे सोबती: रिलक्टंट टू सेल, रिलक्टंट टू ॲडमिट. एका कोपऱ्यात त्याचं कुटुंब, रिलक्टन्स आणि रिलक्टंटली. खालचा चौथा हिस्सा कोराच ठेव. तीन आठवड्यांनी तिथे ईगर येईल उलट्या बाजूला, आणि आणखी आठवड्याने अनविलिंग, शेजारी एक ओळ लिहून: रिलक्टंट माणूस कुरकुर करत का होईना करतो, अनविलिंग बहुधा करतच नाही. अशी एक ओळ चार समानार्थी शब्दांच्या यादीला भारी आहे.

उजळणीचं गणित जुनं आहे. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच भराभर गळतं आणि नंतर गळती मंदावते. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी बघ. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, त्यांचे कोरे भाग कापून कार्डं कर. एका बाजूला रिकाम्या जागेचं वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द. चपलांच्या खोक्यात पाच कप्पे कर. आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा महिन्याने. सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडलेली ही रीत आहे. पत्रिकांची भर मात्र माझी, आणि ती कार्डं जाड असतात, वर्षभर टिकतात.

दिवसाला सहाच शब्द घे, आणि तेही एकमेकांच्या नात्यातले नकोत. रविवारी नवा शब्द नाही. 50 आठवड्यांत 1800 होतात, आणि ते उरतात. निवडताना आधी ते, जे इंग्रजीत सगळीकडे भेटतात. मायकेल वेस्ट यांनी, जे बंगालमध्ये शिकवत होते, 1953 मध्ये सुमारे 2000 शब्दांची अशी यादी केली होती. त्यातला एखादा येत नसेल तर आधी तो भर. मग मागच्या प्रश्नपत्रिका.

पेपरबद्दल थोडक्यात. सीजीएल, म्हणजे एसएससीची पदवीधरांसाठीची परीक्षा, तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, आणि चुकलं की अर्धा गुण कापतात. 2023 च्या तलाठी भरतीतही 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते. पण थेट समानार्थी-विरुद्धार्थी त्यातले मोजकेच. बाकी रिकाम्या जागा, उतारा, क्लोझ टेस्ट (म्हणजे मधले शब्द गाळलेला उतारा), आणि तिथे शब्दाची संगत माहीत असणाराच गुण मिळवतो. तू "नेमका उलटा टिक करून येतो" म्हणतोस, ते नुसत्या घाईने होत नाही. समानार्थी विचारताना पर्यायांत त्याच शब्दाचा विरुद्धार्थी मुद्दाम पेरलेला असतो. जोडी पाठ करणाऱ्याला तो ओळखीचा वाटतो आणि हात तिकडे जातो. पर्याय वाचायच्या आधी शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत मनात म्हण, पर्याय हाताने झाकून. मग हात काढ. सरावाला आठवडाभर हे कर, फरक तुझा तुलाच कळेल.

अर्थ मराठीत की तेलुगूत? जो आधी जिभेवर येईल त्यात, आणि दोन्ही आले तर दोन्ही लिही. तुला यात एक फायदा आहे जो एकभाषी मुलाला नाही. मराठीत 'मोठा' भाऊ, 'मोठा' आवाज, 'मोठा' पाऊस, 'मोठा' माणूस. तेलुगूतही पेद्द म्हटलं की आकाराने मोठा आणि वयाने मोठा दोन्ही येतात. इंग्रजीत मात्र एल्डर, लाउड, हेवी, ग्रेट असे चार वेगळे. दोन भाषांतून बघितलंस की तुझं तुलाच दिसेल, आपला शब्द कुठे पसरट आहे आणि इंग्रजीने कुठे तुकडे केलेत. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, वर्गात मराठी बोलणारी मुलं सोलापुरात मला दरवर्षी भेटतात. हा फरक त्यांना सांगावा लागत नाही, नुसता दाखवला की पुरतो.

जुनी वही टाकू नकोस. तिच्यावर नवं काही लिहू नकोस एवढंच. महिन्यातून एकदा उघड, उजवीकडचे दोन्ही रकाने झाकून डावीकडचा शब्द वाच आणि ज्याचं पूर्ण वाक्य तोंडातून निघेल तो हिरव्या पेनाने खोड. बाकीचे नव्या वहीच्या रांगेत.

सुरुवातीचे सहा शब्द निवडायला अडत असशील तर बिलिंगच्या काउंटरवरून उचल. ड्यू घे पहिला. बिलावर तो रोज तुझ्या तोंडात असतो, म्हणजे एक अर्थ आधीच खिशात आहे: पेमेंट ड्यू. आता बाकीचे बघ. 'द ट्रेन इज ड्यू ॲट सिक्स', गाडी सहाला यायची आहे. 'ड्यू टू हेवी रेन', पावसामुळे. तारीख उलटून गेली की ओव्हरड्यू. चार वाक्यं, चारही खरी, अर्धं पान भरलं. कोरा हिस्सा तेवढा सोडायला विसरू नकोस.